छोट्या बोटीचा बॅटरी मेन स्विच: घेण्याआधी काय बघायचं

बॅटरीचा मेन स्विच दिसायला साधा. समोर लाल खटका, मागे दोन बोल्ट. त्यामुळे बोट तयार करताना सगळा विचार रेडिओ, फिशफाइंडर आणि दिव्यांचा होतो, आणि हा स्विच शेवटी हाताला लागेल तो बसवला जातो. मी पाच ते आठ मीटरच्या फायबरच्या बोटींचं वायरिंग करतो. ‘सेल्फ लागत नाही’ म्हणून बोट आली आणि बॅटरी चांगली निघाली, की मी आधी याच स्विचकडे जातो. इंजिन सुरू करताना बॅटरीतून निघणारा सगळा करंट याच्यातून जातो. बोटीतलं दुसरं कुठलंही बटण एवढं ओझं उचलत नाही.

निवड करायची तर कॅटलॉग आधी उघडू नका. बोटीत उतरा आणि कागदावर लिहून काढा: बॅटऱ्या किती आणि कुठे आहेत, इंजिन कुठलं आहे, पेट्रोल की डिझेल, टाकी कुठे आहे, आणि स्विच बंद केल्यावरही काय चालू राहिलं पाहिजे. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. खरं तर निम्मी निवड तिथेच होते.

स्विच नेमकं कोणतं काम करणार

पहिलं काम म्हणजे बोट उभी असताना बॅटरी उतरू न देणं. सगळं बंद आहे असं वाटत असलं तरी म्युझिक सिस्टीमची मेमरी, एखादा गेज, चार्जरचा छोटा दिवा असं काहीतरी थोडं थोडं खात असतं. हे सगळं मिळून ३० मिलिअँपिअर धरा. दिवसाला होतात ०.७२ अँपिअर-अवर, महिन्याला साडेएकवीसच्या वर. ७० अँपिअर-अवरच्या बॅटरीतला जवळपास तिसरा हिस्सा कोणी काही न वापरता गेला. बॅटरी आपली आपण थोडी उतरते ते वेगळंच. शिशाची बॅटरी अशी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि तिची ताकद कायमची कमी होते.

दुसरं काम धुराचं. कुठेतरी वायर घासली, शॉर्ट झाला, जळका वास आला, तर एका हाताने एका क्षणात सगळं तोडता आलं पाहिजे. तिसरं, वायरिंगवर काम करताना पाना निसटला तर ठिणगी पडू नये.

आणखी एक फायदा पाण्यात कायम उभ्या असणाऱ्या बोटींचा. पॉझिटिव्ह वायरचा एखादा उघडा जोड तळातल्या पाण्यात बुडाला, तर करंट त्या पाण्यातून वाट काढतो आणि वाटेतला धातू झपाट्याने खातो. पॉझिटिव्ह बॅटरीजवळच तुटलेला असेल तर स्विचच्या पुढच्या वायरिंगमधून असं होत नाही. मात्र दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र असल्यामुळे जे खातं, ते स्विचने थांबत नाही. त्यासाठी बाकी धातूच्या आधी स्वतः झिजणारे झिंकचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोडच लागतात. मेन स्विच बसवला म्हणून अ‍ॅनोड बदलायचं सोडू नका.

अँपिअरचे आकडे कसे वाचायचे

चांगल्या स्विचवर अँपिअरचे तीन आकडे असतात. एक सलग चालणाऱ्या करंटचा, दुसरा थोड्या वेळाचा, म्हणजे बहुधा पाच मिनिटांचा, आणि तिसरा सेल्फसाठी, फक्त काही सेकंदांचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात यातला सर्वांत मोठा आकडा छापलेला असतो. म्हणून आकड्याशेजारी वेळ लिहिली आहे का, ते आधी बघा. नुसतं ‘५०० अँपिअर’ असेल आणि किती वेळ ते कुठेच नसेल, तर तो स्विच मी घेत नाही.

आता आपल्या बोटीचा आकडा काढायचा. ४० हॉर्सपॉवरच्या आसपासच्या आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाचा, सेल्फ फिरताना साधारण १०० ते १५० अँपिअर घेतो. दोन-तीन सिलिंडरचं छोटं इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं, डिझेल असेल तर २०० ते ३०० धरा, कारण डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त. अगदी पहिल्या क्षणी, मोटर थांबलेली असताना, हा आकडा दुप्पटही होतो, पण तो क्षणभरच. इंजिनाच्या पुस्तिकेत बॅटरी किती क्रँकिंग अँपिअरची, म्हणजे सेल्फ मारताना किती करंट देऊ शकणारी, लावायची ते दिलेलं असतं. तो आकडा बॅटरीची किमान ताकद सांगतो, सेल्फ प्रत्यक्षात किती घेतो ते सांगत नाही. खात्री करायची तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर पॉझिटिव्ह केबलला लावून सेल्फ मारा. साधा एसी क्लॅम्प इथे काही दाखवणार नाही.

सलग करंटची बाजू बहुतेक छोट्या बोटींत हलकी असते. २५ वॅटचा व्हीएचएफ रेडिओ बोलताना पाच-सहा अँपिअर घेतो, एलईडी दिवे नगण्य, छोटा फ्रिज चार-पाच, फिशफाइंडर एक-दोन. सगळं मिळून तिसाच्या आत. हे गणित बदलतात तीन वस्तू. ५५ पाउंडांची इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअर ओढते आणि तासभर ओढत राहते. नांगर ओढणारं विंच अडलं तर स्वतःच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी वर जातं. आणि इन्व्हर्टर: १००० वॅटचा लोड १२ व्होल्टवर घेतलात तर तोटा धरून ९५ अँपिअरच्या आसपास. यातलं काही तुमच्याकडे असेल तर सलग करंटच्या आकड्याकडे लक्ष द्या. नसेल तर सेल्फचा आकडाच तुमचा आकडा.

मी मोजलेल्या करंटच्या किमान दीडपट आकड्याचा स्विच घेतो. कारण एकच, उष्णता. कंपनी स्विच तपासते तेव्हा जाड केबल लावून तपासते, आणि ती केबल स्विचमधली उष्णता बाहेर ओढून नेते. तुम्ही त्यालाच बारीक केबल लावलीत तर तोच स्विच कमी करंटलाही तापेल. त्यात बोटीतला स्विच बंद कप्प्यात, उन्हात तापलेल्या फायबरच्या आड बसलेला असतो.

व्होल्टेजही बघून घ्या. १२ व्होल्टच्या बोटीला बहुतेक सगळे चालतात. पण २४ किंवा ३६ व्होल्टची ट्रोलिंग मोटर असेल तर स्विच तेवढ्या डीसीसाठी आहे असं त्यावर लिहिलेलं हवं. एसीचा आकडा इथे उपयोगाचा नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, ती काँटॅक्टमध्ये ताणत जाते आणि काँटॅक्ट जाळते.

स्विच उलटा करून बघा

हातात घेतल्यावर आधी मागची बाजू बघायची. समोरचा खटका कितीही देखणा असला तरी करंट मागून जातो.

बोल्ट कशाचे आहेत? तांब्याचे किंवा पितळेचे आणि वर टिनचा मुलामा दिलेले असतील तर उत्तम. खिशात छोटं चुंबक ठेवा. बोल्टला ते घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. न चिकटलं म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण स्टेनलेसच्या बऱ्याच जातींना चुंबक जेमतेम लागतं, आणि स्टेनलेस तांब्याच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याएवढीच वीज वाहतो. काही चांगल्या स्विचांत बोल्ट स्टेनलेसचा असतो आणि बुडाशी तांब्याची चपटी पट्टी असते. लग, म्हणजे केबलच्या टोकाचं भोक असलेलं टर्मिनल, थेट त्या पट्टीवर बसतो, करंट पट्टीतून जातो, बोल्टचं काम फक्त दाबून धरण्याचं. ती रचना चालते. बुडाशी पट्टी नाही आणि सगळा करंट स्टेनलेसच्या आट्यांतून जाणार, असा स्विच ठेवून द्या.

बोल्टची जाडी आणि तुमच्या केबलच्या लगचं भोक जुळतंय का? एम ८, एम १० आणि तीन-अष्टमांश इंच, हे तिन्ही बाजारात आहेत. तीन-अष्टमांश म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, त्यावर एम ८ चा लग बसत नाही. मग ड्रिलने भोक मोठं करायचा मोह होतो. तसं करू नका, लगची कड पातळ होते आणि नेमकी तिथेच तापते. नवा लग क्रिम्प करा, म्हणजे केबलवर दाबून बसवा. बोल्टची लांबीही बघा, एका बोल्टवर दोन लग येणार असतील तर नट पूर्ण बसून आटे थोडे वर उरले पाहिजेत.

मग खटका फिरवून बघा. चालू आणि बंद दोन्हीकडे तो ‘टक्’ करून बसला पाहिजे, मध्येच कुठे तरंगता कामा नये. डोळे मिटून फिरवा आणि बोटांना कळतंय का बघा की आत्ता तो चालू आहे की बंद. अंधारात, ओल्या हाताने, धुरात फिरवायची वेळ येते तेव्हा छापलेली अक्षरं वाचता येत नाहीत. लांबट खटका यासाठी गोल खटक्यापेक्षा बरा.

लाल प्लास्टिकची चावी काढून घेता येणारा एक स्वस्त स्विच सगळीकडे मिळतो. तो मुळात जमिनीवरच्या वाहनांसाठीचा. उघडलात तर आत दोन बोल्टांची डोकी आणि त्यांवर स्प्रिंगने दाबलेली एक पट्टी एवढंच असतं. चावीच्या भोकातून पाणी आत जातं, पट्टीवर हिरवट थर चढतो, आणि प्लास्टिकची चावी उन्हाने ठिसूळ होऊन ऐन वेळी हातात येते. शिवाय चावी काढून कोणीतरी खिशात घेऊन गेलं की गरजेच्या वेळी बोट चालूही करता येत नाही. चोरीची भीती असेल तर वेगळं कुलूप लावा. मेन स्विचचा खटका स्विचवरच राहिला पाहिजे, या मताचा मी आहे.

एक बॅटरी, दोन बॅटऱ्या

बॅटरी एकच असेल तर चालू-बंद एवढाच स्विच घ्या. एका बॅटरीला चार घरांचा स्विच लावून काहीही मिळत नाही, फक्त बोल्ट आणि जोड वाढतात.

दोन बॅटऱ्या असतील तर जुनी ओळखीची पद्धत म्हणजे एक, दोन, दोन्ही आणि बंद अशा चार घरांचा स्विच. तो वाईट नाही, पण वापरणाऱ्याच्या सवयीवर सगळं अवलंबून. इंजिन बंद करून नांगर टाकला, रेडिओ चालू ठेवला आणि खटका ‘दोन्ही’वरच राहिला, तर सकाळी दोन्ही बॅटऱ्या सारख्याच रिकाम्या. दुसरी बॅटरी ठेवण्याचा हेतूच संपला. शिवाय इंजिन चालू असताना एकवरून दोनवर जाताना खटका चुकून ‘बंद’मधून फिरवला तर चार्जिंगला धोका, त्याबद्दल पुढे लिहितो. हाच प्रकार घ्यायचा असेल तर बदलताना आधी नवा काँटॅक्ट जोडतो आणि मग जुना सोडतो, असा घ्या. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

मला जास्त आवडते ती दुसरी रचना: बंद, चालू आणि एकत्र, अशा तीन घरांचा दोन सर्किटचा स्विच. ‘चालू’वर इंजिनाची बॅटरी फक्त इंजिनाला आणि बाकी वापराची बॅटरी फक्त बाकी वापराला, दोघी वेगळ्या. ‘एकत्र’ फक्त अडचणीच्या वेळी, इंजिनाची बॅटरी बसली तर. बोटीवर चढताना चालू, उतरताना बंद, एवढंच लक्षात ठेवायचं. जो माणूस बोट अधूनमधून वापरतो किंवा ज्याची बोट घरातले तिघे-चौघे वापरतात, त्याला हाच स्विच द्यावा.

या रचनेत दोन्ही बॅटऱ्या चार्ज व्हायला मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले लागतो. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ ते १३.७ च्या दरम्यान ठरलेल्या आकड्यावर गेलं की तो दोघींना जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. रिले आणि स्विच एकाच संचात मिळतात. स्वतंत्र घेतलेत तरी चालतं, फक्त रिलेचा अँपिअर आकडा तुमच्या अल्टरनेटरपेक्षा, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्रापेक्षा, कमी नसावा.

एक सावधगिरी. एक बॅटरी शिशाची आणि दुसरी लिथियमची असेल तर त्यांना ‘एकत्र’ करणारा कुठलाही साधा स्विच वापरू नका. लिथियमचं स्थिर व्होल्टेज शिशापेक्षा वर असतं आणि अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे जोडताक्षणी मोठा करंट एकीकडून दुसरीकडे धावू शकतो. तिथे दोन स्वतंत्र चालू-बंद स्विच आणि मध्ये एका बॅटरीवरून दुसरी बेताने चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर, हाच मार्ग.

इंजिन चालू असताना बंद करायचा नाही

अल्टरनेटर बॅटरीत करंट ढकलत असताना बॅटरी अचानक काढून घेतली तर त्याच्याकडची ऊर्जा जायला जागा उरत नाही. व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड उडतात, सोबत रेडिओ आणि फिशफाइंडरही जाऊ शकतात. आउटबोर्डमध्ये चार्जिंग सांभाळणाऱ्या रेक्टिफायर-रेग्युलेटरची हीच गत. म्हणून आधी इंजिन, मग स्विच. काही स्विचांना मागे दोन छोटी टर्मिनलं जास्तीची असतात. ती अल्टरनेटरचं फील्ड, म्हणजे त्याला चुंबकत्व देणारा करंट, आधी तोडण्यासाठी असतात आणि बाहेरून रेग्युलेटर लावलेल्या अल्टरनेटरलाच उपयोगी पडतात. छोट्या इंजिनांत रेग्युलेटर बहुधा आतच असतो, तेव्हा त्या सोयीसाठी जास्त पैसे देऊ नका.

आग लागली असेल तर मात्र हा नियम विसरा आणि स्विच तोडा. अल्टरनेटर दुसरा मिळतो.

पेट्रोलची बोट

इथे मी कुणाचंच ऐकत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, तळात साचते. त्याच कप्प्यात स्विच असेल आणि तो ‘इग्निशन प्रोटेक्टेड’ नसेल, तर खटका फिरवताना आत पडणारी ठिणगी पुरेशी आहे. इग्निशन प्रोटेक्टेड स्विच अशा बनावटीचा असतो की आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटत नाही. त्यावर किंवा त्याच्या कागदांत आयएसओ ८८४६, एसएई जे ११७१ किंवा यूएल १५०० यापैकी एखादा उल्लेख असतो. अमेरिकेत तर पेट्रोल इनबोर्ड बोटींच्या इंजिन आणि टाकीच्या कप्प्यांतल्या विजेच्या वस्तूंना हे कायद्यानेच लागतं.

दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे, काही होत नाही’ म्हणेल. पाणी आत न जाणं आणि ठिणगी बाहेर न येणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी आत पाणी जात नाही, एवढंच. वाफेबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. बोट डिझेलची असली तरी बाहेर लटकवलेल्या छोट्या आउटबोर्डसाठी पेट्रोलचा डबा कुठे ठेवता, तेही बघा.

बंद केल्यावरही चालू राहणारं

बिल्ज पंप, म्हणजे तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप. बोट पाण्यात उभी, तुम्ही घरी, पाऊस कोसळतोय, आणि मेन स्विच बंद म्हणून पंपही बंद, हे होऊ देऊ नका. पाणी चढलं की तरंगून चालू होणाऱ्या फ्लोट स्विचवर चालणाऱ्या पंपाची वायर मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून घ्या आणि तिला स्वतंत्र फ्यूज द्या. फ्यूज किती अँपिअरचा ते पंपावरच लिहिलेलं असतं. त्यापेक्षा मोठा घालू नका, कारण कचऱ्याने पंखा अडकला तर तोच फ्यूज पंपाला जळण्यापासून वाचवतो. गॅसचा अलार्म असेल तर तोही असाच जोडायचा. म्युझिक सिस्टीमची मेमरी या यादीत येत नाही. स्टेशन पुन्हा लावता येतं.

अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ई-११ मानकानुसार बॅटरीवरून निघणाऱ्या वायरचा फ्यूज ७ इंचांच्या, म्हणजे १७५ मिलिमीटरच्या आत हवा. सेल्फच्या केबलला त्यात सूट आहे, आणि वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून निघून नळीत किंवा पेटीत पूर्ण झाकलेली असेल तर जास्त अंतर चालतं. मी मात्र पंपाचा फ्यूज शक्यतो बॅटरीच्या पेटीलगतच बसवतो. त्याच मानकात ८०० कोल्ड क्रँकिंग अँपिअरच्या वरच्या बॅटरीला मेन स्विच सक्तीचा आहे. छोट्या बोटीची बॅटरी बहुधा त्याखाली येते, पण गळती आणि धूर आकडा बघून येत नाहीत, तेव्हा बसवाच.

जागा आणि जोडणी

स्विच बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी ते स्विच एवढी केबल कायम जिवंत राहते. तरीही तो बॅटरीच्या अगदी डोक्यावर नको. चार्ज होताना शिशाची बॅटरी हायड्रोजन सोडते आणि तो सरळ वर चढतो. आणि इंजिनावरून वाकून हात घालावा लागेल अशी जागा कितीही सोयीची दिसली तरी सोडून द्या, आग लागेल ती बहुधा तिथेच. मी बसवण्याआधी मालकाला सुकाणूजवळ उभं करतो आणि सांगतो, डोळे मिटून हात तिथपर्यंत न्या. पोचला नाही तर जागा बदलतो. पाय लागून किंवा दोरी अडकून खटका फिरेल अशा ठिकाणी असेल तर त्याभोवती उंच कडा असलेली चौकट घ्या.

बोटीत तोडायची ती पॉझिटिव्ह केबल. गाड्यांत निगेटिव्ह तोडणारे स्विच दिसतात, त्यावरून गोंधळ होतो. पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत जर दोन्ही वायरी हलपासून, म्हणजे बोटीच्या धातूच्या अंगापासून, वेगळ्या ठेवलेल्या असतील, तर दोन्ही एकदम तोडणारा दोन पोलचा स्विच घ्यावा.

जोडताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, परत लावताना ती शेवटी. लग आणि स्विचची पट्टी यांच्यामध्ये काहीही येता कामा नये. क्रम असा: पट्टी, त्यावर लग, मग साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. बोटी उघडतो तेव्हा सर्वांत जास्त दिसते ती हीच गोष्ट, वॉशर लगच्या खाली गेलेला. स्टेनलेसचा तो वॉशर करंटच्या वाटेत बसतो, तापतो, आणि बोल्टभोवतीचं प्लास्टिक आधी पिवळट, मग तपकिरी होतं. एका बोल्टवर दोन लग असतील तर जाड केबलचा खाली. नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळा. पितळेचा बोल्ट जोर लावला की पिळतो. टर्मिनलांवर रबरी टोप्या घाला आणि केबलला जवळच क्लिप मारा, म्हणजे लाटांच्या धक्क्यांचं वजन बोल्टवर येणार नाही.

मग मल्टीमीटर. डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, एक टोक स्विचच्या एका बोल्टच्या माथ्यावर, दुसरं दुसऱ्या बोल्टच्या माथ्यावर. स्विच चालू करूनच टोकं लावा, बंद असताना मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट येतात. इंजिन तातडीने बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी काढली की बऱ्याच आउटबोर्डांत सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, ते इथे कामाला येतं. कोणालातरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. १५० अँपिअरला ५० मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर स्विचमध्ये साडेसात वॅट जातायत, ठीक आहे. ३०० दिसले तर ४५ वॅट, म्हणजे सोल्डरिंगच्या कावियाएवढी उष्णता त्या छोट्या डब्यात. १०० च्या वर गेलं की मी शोधायला लागतो. तेव्हा हीच मोजणी पुन्हा करा, पण मीटरची टोकं बोल्टांऐवजी लगांवर ठेवून. आकडा लगांवर बराच जास्त आला तर दोष नटाखाली आहे: उघडा, घासा, पुन्हा आवळा. दोन्हीकडे सारखाच मोठा आला तर काँटॅक्ट आतून गेलेत.

आतून गेलेला स्विच काही वेळा दहा-पंधरा वेळा फिरवल्याने सुधारतो, कारण काँटॅक्ट एकमेकांवर घासून साफ होतात. हे लोड नसताना, इंजिन बंद ठेवूनच करायचं. यासाठीच मोसमाच्या सुरुवातीला मी सगळ्या बोटींचे खटके असे फिरवून घेतो आणि नटांवर पाना लावून बघतो. फिरवूनही मिलिव्होल्ट उतरले नाहीत, किंवा खटक्याचा ‘टक्’ मऊ झाला असेल, तर रिव्हेट मारलेला स्विच उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. नवा घ्या, आणि जुन्याच्या केबल काढण्याआधी कुठली केबल कुठल्या बोल्टवर होती त्याचा फोटो काढून ठेवा.